प्रगतिपत्रकात आमच्याबद्दल काय लिहावे?

(इयत्ता चौथीच्या एका विद्यार्थिनीकडून)

या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी 'माझे मत' असा विषय दिला आहे. पुष्कळ जणांनी झाडांवर लिहिले. दोघांनी पाण्यावर लिहिले. ते चांगलेच आहे. पण मला प्रगतिपत्रकावर लिहायचे होते. मी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "लिही, पण कोणाचं नाव घालू नको." म्हणून यात कोणाचे नाव नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांनी हसू नये.

निकालाच्या दिवशी आपण प्रगतिपत्रक घेऊन पळत घरी जातो. मग घरचे काय विचारतात? आमच्या घरी आजी विचारते, "पास हाय का न्हाई?" अण्णा विचारतात, "नंबर कितवा?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या कागदावर नसते. नंबर तर आता कोणालाच देत नाहीत. आणि पास म्हणाल तर आपल्या शाळेतले सगळेच वरच्या वर्गात जातात. मी हे सांगितले की अण्णा म्हणतात, "मग शाळेत करता तरी काय?" आणि ते पत्रक ट्रंकेत ठेवून देतात.

अण्णांच्या लहानपणी नंबर होता. अण्णांचा तिसरा आला होता, ते ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगतात. शेवटचा नंबर ज्यांचा यायचा ते मात्र कोणाला काही सांगत नाहीत. नंबर गेला ते बरे झाले असे माझे मत आहे. कारण नंबराने एवढेच कळते की कोण कोणाच्या पुढे आहे. गुणाकार येतो का, हे काही कळत नाही. वर्गात सगळ्यांनाच गुणाकार येत नसेल तरी कोणीतरी पहिला येणारच.

मग नंबर गेला कधी? मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून देशात लागू झाला. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात मूल्यमापनाची नवी पद्धत आली. तिचे नाव आहे 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन'. हे नाव आमच्या वर्गात एका दमात फक्त तिघांना म्हणता आले. त्याचा अर्थ असा की परीक्षेच्या एका दिवसावरून मुलाला मोजायचे नाही, वर्षभर बघायचे, आणि नुसते लिहिणे-वाचणे बघायचे नाही, सगळेच बघायचे.

त्यात दोन भाग आहेत. वर्षभर जे बघतात ते आकारिक, आणि सत्राच्या शेवटी परीक्षा होते ते संकलित. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३० गुणांचे असते. तिसरी-चौथीला आकारिक ६० आणि संकलित ४०. आकारिकमध्ये तोंडी काम येते, प्रकल्प येतो, स्वाध्याय येतो, छोटी चाचणी येते. बाई वर्गात फिरताना बघतात तेसुद्धा येते. हे मला माहीत नव्हते. मित्रांनो, तुम्हालाही माहीत नसेल. आपण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रात्री दिवा लावून बसतो ते फक्त ४० गुणांसाठी, आणि ६० गुण रोज आपल्या अंगणात पडलेले असतात.

मग दोन्ही गुण मिळवून श्रेणी काढतात. ९१ ते १०० ला अ-१. ८१ ते ९० ला अ-२. मग ७१ पासून ब-१, ६१ पासून ब-२, ५१ पासून क-१, ४१ पासून क-२. ३३ ते ४० ला ड. त्याच्या खाली इ-१ आणि इ-२. गुरुजींनी हे फळ्यावर लिहिले तेव्हा मला एक गंमत दिसली. एकाला ८१ गुण आणि एकाला ९० गुण पडले तर दोघांनाही अ-२. नऊ गुणांचा फरक कागदावर दिसतच नाही. आणि एकाला ८० आणि एकाला ८१ पडले तर एक ब आणि एक अ. एका गुणाचा फरक एवढा मोठा होतो की घरी गेल्यावर एकाला पेढा आणि एकाला बोलणी. गुरुजींना हे सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, "रेघ कुठंतरी मारावीच लागते." ते खरे आहे. पण रेघेच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते शब्दांत लिहिले तर आईला कळेल ना.

शब्दांत लिहायला जागा आहे. पत्रकावर तीन रकाने असतात. 'विशेष प्रगती', 'आवड / छंद' आणि 'सुधारणा आवश्यक'. मला हे रकाने श्रेणीपेक्षा जास्त आवडतात, कारण तिथे माझ्याबद्दल काहीतरी लिहिलेले असते. तिसरीच्या निकालाच्या दिवशी आम्ही चौघी लिंबाच्या झाडाखाली बसलो आणि एकमेकींची पत्रके वाचली. चौघींच्याही 'विशेष प्रगती'त लिहिले होते, शालेय शिस्त पाळते. चौघींच्याही 'सुधारणा आवश्यक'मध्ये लिहिले होते, अवांतर वाचन करावे. छंदात दोघींना चित्रे काढणे आणि दोघींना गोष्टी ऐकणे. एका मुलाला छंद म्हणून वाचन दिले होते. त्याचा छंद ओढ्यात खेकडे धरणे आहे, हे साऱ्या गावाला माहीत आहे. तो स्वतःच मोठ्याने वाचून इतका हसला की त्याला उचकी लागली.

तुम्ही म्हणाल, बाईंनी असे का लिहिले? मी त्याचा हिशेब केला. तिसरी आणि चौथी मिळून आम्ही १९ जण आहोत. विषय सात आहेत, मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण. प्रत्येक विषयाची एक नोंद आणि वर हे तीन रकाने, म्हणजे एका मुलाच्या दहा नोंदी. सत्रे दोन, म्हणजे वीस. १९ गुणिले २० म्हणजे ३८०. एकट्या बाईंना वर्षात ३८० वेगवेगळी वाक्ये लिहायची आहेत. शिवाय दोन वर्गांना एकाच खोलीत शिकवायचे, हजेरी भरायची, खिचडीचा हिशेब ठेवायचा. मला या एका निबंधासाठी वाक्ये सुचायला आठ दिवस लागले. म्हणून माझी तक्रार बाईंवर नाही. उलट बाईंनीच मला हे लिहू दिले.

पण त्या पत्रकावरून घरी काय होते ते मला सांगायचे आहे. मला दोन गोष्टी माहीत आहेत. एक आमच्या घरातली आहे.

माझा लहान भाऊ दुसरीत आहे. त्याला पहिलीत मराठीला अ-२ मिळाला. आईने सगळ्या आळीला साखर वाटली. तो खरोखर हुशार आहे, कविता चालीवर म्हणतो, गोष्ट हातवारे करून सांगतो, कोणासमोर भीत नाही. पुस्तक उघडून बसला की घडाघडा वाचतो. एकदा मी चुलीपाशी बसून ऐकत होते तर मला वाटले, हा वाचतोय तो धडा दोन पाने मागे आहे. मी जाऊन पाहिले. पान वेगळेच उघडे होते आणि तो ओळीवरून बोट फिरवत पाठ केलेला धडा म्हणत होता. मी त्याला खताच्या रिकाम्या पोत्यावरचा 'खत' हा शब्द दाखवला. काना नाही, वेलांटी नाही. तो म्हणाला, "हे आमच्या पुस्तकात नाही."

मी आईला सांगितले. आईला ते पटेना. ती म्हणाली, "पत्रकावर अ लिवलाय की. तुझ्यापेक्षा बाईंना जास्त कळतं." आईने स्वतःच्या कानांनी ऐकले होते, तरी तिला कागद खरा वाटला. कागदावर शिक्का असतो ना.

मग मी बाईंना सांगितले. बाईंनी त्याला मधल्या सुट्टीत बोलावले. बाईंकडे एक कागद आहे. त्यावर आधी नुसती अक्षरे आहेत, मग सोपे शब्द, मग चार ओळींचा छोटा परिच्छेद आणि मग एक गोष्ट. बाई म्हणाल्या, 'असर' नावाची एक पाहणी २००५ सालापासून होते, 'प्रथम' ही संस्था त्यात असते. ते लोक खेड्यांतल्या घरोघरी जातात, एका जिल्ह्यातली ३० गावे आणि एका गावातली २० घरे निवडतात, आणि मुलांना अशाच कागदावरून वाचायला लावतात. गोष्ट असते ती दुसरीच्या पुस्तकाएवढी सोपी, पण आठवीच्या मुलालाही तीच देतात. शाळेत न जाणाऱ्या मुलालासुद्धा देतात. २०२४ सालीही ही पाहणी झाली. ते कोणाला श्रेणी देत नाहीत. कुठपर्यंत वाचता आले तेवढे लिहितात.

माझा भाऊ अक्षरापर्यंत नीट गेला. शब्दांना अडखळला. परिच्छेदाला त्याने तोंड उघडले नाही, खाली बघून चटईची काडी ओढत बसला.

संध्याकाळी आई शेळी घेऊन शाळेवरून चालली होती. बाईंनी तिला थांबवून सांगितले, "याला अक्षरं येतात. शब्दांपाशी अडकलाय. ओळ अजून वाचता येत नाही. पाठ फार लवकर होतं, म्हणून आपल्याला कळत नाही." आई काही वेळ बोलली नाही. मग विचारले, "मंग रोज काय करून घिऊ?" बघा, अ-२ पाहून आईने कधी असे विचारले नव्हते. साखर वाटली होती. बाई म्हणाल्या, "रोज दहा शब्द वाचून घ्या. पुस्तकातले नकोत, कुठलेही." आई स्वतः चौथीपर्यंत शिकली आहे. तेव्हापासून आमच्या घरात साबणाचा कागद, चहाची पुडी, बिस्किटाचा पुडा, लग्नपत्रिका असे काहीच वाचल्याशिवाय फेकत नाहीत. दिवाळीनंतर तो ओळी वाचायला लागला. परवा यष्टीवरची पाटी त्याने माझ्या आधी वाचली आणि मला चिडवले.

पहिलीच्या पत्रकात हेच लिहिले असते तर? "कविता छान म्हणतो. अक्षरे ओळखतो. नवीन शब्द अजून वाचता येत नाही." तीनच वाक्ये. आमचे सात-आठ महिने वाचले असते.

दुसरी गोष्ट माझ्या मैत्रिणीची आहे. ती आत्ता वर्गात नाही. तिचे आईवडील ऊस तोडायला जातात. आपल्या गावातली पुष्कळ घरे दिवाळीनंतर कुलूप लावून कारखान्याला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परत येतात, हे इथल्या पालकांना मी काय सांगणार? मागच्या वर्षी ती आईवडिलांबरोबर गेली होती. आल्यावर तिने परीक्षा दिली. गणितात संकलितला तिला ४० पैकी ३१ गुण मिळाले. माझ्यापेक्षा दोन जास्त. पण आकारिकच्या ६० मध्ये तिला फक्त १५ मिळाले, कारण ते वर्गात बसून करायचे काम होते आणि ती वर्गात नव्हती. ३१ आणि १५ म्हणजे ४६. ४६ म्हणजे क-२. बाईंनी तिला हे सगळे समजावून सांगितले होते. पण पत्रकावर ३१ दिसत नाही, १५ दिसत नाही, फक्त क-२ दिसते. आणि 'सुधारणा आवश्यक'मध्ये होते, नियमित शाळेत यावे.

आता हे वाक्य कोणासाठी आहे? ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला शाळेत यायचेच होते. हे वाक्य मुकादमाच्या पत्रकावर लिहायला पाहिजे.

ज्यांचे आईवडील कारखान्याला जातात त्यांच्यासाठी आपल्या शाळेत हंगामी वसतिगृह असते. यंदा तिला तिथे ठेवायचे ठरत होते. तिच्या आईची इच्छा होती. तिच्या वडिलांनी प्रगतिपत्रक दुकानात दाखवले. तिथे कोणीतरी सांगितले की क म्हणजे खालचा वर्ग, पोरीच्या डोक्यात गणित शिरत नाही. मग वडील म्हणाले, "येतच न्हाई तर ठिवायची कशाला? धाकट्याला तरी सांभाळील." आणि दिवाळीनंतर ती गेली. जाताना बाईंनी तिला शिक्षण हमी पत्रक दिले, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवले की बसू देतात. तिकडे शाळा फडापासून किती लांब आहे ते मला ठाऊक नाही.

माझी मैत्रीण तोंडी हिशेब वर्गात सगळ्यात भरभर करते. बालआनंद मेळाव्यात आम्ही दोघींनी भेळ विकली तेव्हा सुट्टे पैसे तीच परत देत होती, मी नुसती कागदाचे शंकू करत होते. मागच्या पाडव्याला आली तेव्हा सांगत होती की ती तिकडे मोळ्या मोजायची, दहा-दहाच्या ओळी लावून. तिच्या आईने तिला तसे लावून दिले होते. क-२ मध्ये हे कुठे बसते? मी असे म्हणत नाही की तिला उगाच अ द्या. जे काम केले नाही त्याचे गुण कसे देणार? पण "चार महिने गावाला नव्हती म्हणून वर्षभराचे गुण कमी आहेत, परीक्षेत ४० पैकी ३१ मिळवले, भागाकार शिकायचा राहिला आहे" एवढे लिहिले असते तर दुकानातल्या माणसाला तसे बोलता आले नसते.

म्हणून माझे मत असे आहे की श्रेणी असू द्या, पण तिच्याखाली तीन साध्या गोष्टी लिहाव्यात. काय येते, कुठे अडले आहे, घरी काय करून घ्यावे. बाकीची गोड वाक्ये नसली तरी चालतील. 'शालेय शिस्त पाळते' वाचून कोणाच्याही आईला काही करता येत नाही. ३८० वाक्यांपेक्षा ही कमीच होतील. १९ जणांची प्रत्येकी तीन, म्हणजे ५७, आणि दोन सत्रांची ११४. प्रत्येक विषयाला लिहायची झाली तर मात्र पुष्कळ होतात, म्हणून मराठी आणि गणिताचीच लिहावीत. चित्रकलेचे राहिले तरी मला चालेल. माझ्या शेजारी बसणाऱ्याला चालणार नाही, त्याने मला तसे सांगितले आहे.

आणि अजून एक. पत्रक नुसते हातात देऊ नये, वाचून दाखवावे. बाईंनी आईला रस्त्यात थांबवून सांगितले ते दोन मिनिटांचे काम होते.

गुरुजी म्हणाले की २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिले आहे की प्रगतिपत्रकात शिक्षकांबरोबर मुलाने स्वतःबद्दल सांगितलेले आणि सोबत्यांनी सांगितलेलेही असावे. हे मला फार आवडले. माझ्याबद्दल मी लिहीन, "बेरीज-वजाबाकी येते. हातच्याचा गुणाकार येतो. भागाकारात बाकी उरली की गडबडते. इंग्रजी वाचते पण अर्थ कळत नाही." आणि खेकडेवाला स्वतःचा छंद खरा लिहील.

अण्णांना मी हा निबंध वाचून दाखवला. ते म्हणाले, "पण कोण पुढं कोण मागं हे कळायला नको का? उद्या पाचवीला दुसऱ्या गावात जाशील, तिथं परीक्षा आहे." हे त्यांचे बरोबर आहे. आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. आणि २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे. त्यात नापास झाले तर पुन्हा परीक्षा देता येते, त्यातही नापास झाले तर त्याच वर्गात बसावे लागते. म्हणजे इथे चार वर्षे कोणालाच काही कळले नाही तर ते एकदम पाचवीत कळणार, तेही सगळ्यांसमोर. माझे म्हणणे एवढेच आहे की ते आम्हाला आणि घरी आधी सांगा. मी परीक्षा नको असे म्हणत नाही. मला परीक्षा आवडते, नवीन पेन मिळते.

आता आलेल्या पालकांना एक विनंती. या निबंधाच्या खाली मी एक मोठा कोरा कागद चिकटवला आहे आणि दोऱ्याला पेन्सिल बांधली आहे. आपल्या मुलाला किंवा मुलीला घरी काय येते ते त्यावर लिहा. दूध मोजता येते, आजोबांना पेपर वाचून दाखवतो, काहीही चालेल. जे येत नाही तेही लिहा. बाई म्हणाल्या आहेत की दुसऱ्या सत्राच्या नोंदी लिहिताना त्या हा कागद समोर ठेवतील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मला सांगावे, मी मधल्या सुट्टीत इथेच उभी असते, मी लिहून देईन. माझ्या मैत्रिणीच्या नावापुढे पहिली ओळ मी लिहिली आहे. तिची आजी आज आली असेल तर तिने दुसरी सांगावी.